साठीचं लग्न

वत्सलाबाईंनी एकदा मनावर घेतलं की साक्षात ब्रह्मदेव आडवा आला तरी त्याला पाटावर बसवून लसूण सोलायला लावतील, अशी त्यांची ख्याती होती. त्यामुळे धाकट्या भावाची, रंगनाथची साठी आली तेव्हा शांत कशी करायची हे रंगनाथला कुणी विचारायच्या भानगडीतच पडलं नाही. दिवाळीच्या फराळालाच बाईंनी जाहीर करून टाकलं. शांत करायची, दिंडोरीला हिरामणच्या मळ्यात करायची, आणि नुसत्या होमावर भागवायचं नाही. नवरा-बायकोचं पुन्हा लग्न लावायचं. अंतरपाट धरायचा, मंगलाष्टका म्हणायच्या, मंगळसूत्र बांधायचं.

"अक्का, आपल्याकडं कुणी लावलंय का असं?" हिरामणने, म्हणजे सगळ्यात धाकट्या भावाने, भीतभीत विचारलं होतं.

"नाय लावलं म्हणून तर लावायचं. त्या पलीकडच्या मळेवाल्यांनी लावलं, ते काय आपल्यापेक्षा शहाणे लागून गेले का?"

योगिनीने तेव्हा नवऱ्याकडे, रंगनाथकडे बघितलं होतं. नवरा हातातल्या चकलीकडे बघत होता. किती लक्ष देऊन बघावं माणसाने चकलीकडे!

कारण त्याच फराळाला रंगनाथ अक्कांना सांगणार होता. ठरलं होतं तसं. आणि गंमत म्हणजे तेहतीस वर्षांच्या संसारात दोघांनी मिळून ठरवलेली ती बहुधा पहिलीच गोष्ट होती: घटस्फोट घ्यायचा. आदळआपट नाही, आरोप नाहीत, दोघांच्या राजीखुशीने. वर्ष उलटून गेलं होतं, तो मळ्यात राहत होता आणि ती नाशिकला इंदिरानगरात. वकीलबाईंनी अर्ज दाखल करायला सोमवार दिला होता. आणि शांत होती आदल्या दिवशी, रविवारी.

आज शनिवार. मळ्यात मांडव उभा राहिला होता, पाहुणे उतरले होते, आणि रंगनाथने अजून तोंड उघडलं नव्हतं.

पाण्याच्या टाकीमागे योगिनीने त्याला गाठलं. "तुम्ही सांगणार आहात की नाही?"

"सांगतो गं. अक्का जरा मोकळी झाली की."

"अक्का मोकळ्या झालेल्या तुम्ही कधी बघितल्यात?"

"संध्याकाळपर्यंत नक्की."

"अहो, उद्या मी तुमच्या गळ्यात हार घालायचा, आणि परवा कोर्टात जाऊन म्हणायचं की सोडवा? मी पाटावर बसणार नाही. आत्ताच सांगून ठेवते."

"नको ना बसूस. मी कुठं म्हणतोय बस म्हणून?"

"मग त्यांना सांगा!"

रंगनाथने चपलेच्या टोकाने मातीचं एक ढेकूळ फोडलं, मग दुसरं फोडलं. सातपूरच्या कारखान्यात हा माणूस क्वालिटीत होता. मोठमोठ्या साहेबांच्या तोंडावर अख्खा माल नापास करायचा, आवाजही चढवायचा नाही. पण थोरल्या बहिणीपुढे उभा राहिला की तिसरीतला रंगा व्हायचा. योगिनीला त्याचा राग आला आणि कीवही आली. राग जरा जास्त आला.

तसा तो माणूस वाईट नव्हता, हेच तर कुणाला समजावून सांगता येत नव्हतं. दारू नाही, मारहाण नाही, बाहेर काही नाही. सासूबाई अंथरुणाला खिळून होत्या तोवर घरात बोलायला विषय होता. गोळ्या दिल्या का, डॉक्टर काय म्हणाले, रात्री झोपल्या का. मग सासूबाई गेल्या, लेकीचं, तृप्तीचं लग्न झालं, मुलगा शेखर नोकरीला पुण्याला गेला, आणि हा रिटायर होऊन घरी आला. सगळं दीड-दोन वर्षांत. एके दिवशी दोघं जेवणाच्या टेबलाला समोरासमोर बसले आणि योगिनीच्या लक्षात आलं की समोरच्या गृहस्थांची आणि आपली नीटशी ओळखच नाही.

रंगनाथने वेळ घालवायला स्वयंपाकघराचं इन्स्पेक्शन सुरू केलं. मसाल्याच्या डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या. जिरे, मोहरी, हळद. हळद! हळद काय वाचून ओळखायची असते का? इकडे योगिनीचं वेगळंच सुरू झालं होतं. सासूबाईंना दवाखान्यात न्यायला-आणायला म्हणून ती पंचेचाळिशीत स्कूटर शिकली होती, मग कॉलनीतल्या बायकांना शिकवायला लागली. बघता बघता पाथर्डी फाट्याजवळच्या मैदानावर रोज सकाळी तिचा वर्ग भरू लागला. चाळिशी-पन्नाशीच्या बायका, कुणी साडीत, कुणी नातवाचं हेल्मेट घालून. "मॅडम, सोडू नका हं, मागून धरून ठेवा," म्हणत किंचाळायच्या. योगिनी धरून ठेवते म्हणायची आणि सोडून द्यायची. घरी आली की रंगनाथ घड्याळाकडे बघून म्हणायचा, "चहाचं कसं करायचं?"

मग त्याच्या डोक्यात मळा आला. त्याचा जीव पहिल्यापासून द्राक्षांत. हंगामापुरता म्हणून तो हिरामणकडे गेला तेव्हा योगिनी गॅलरीत उभी राहून वाट बघत होती, आता वाईट वाटेल, मग वाईट वाटेल. वाईट काही वाटेना. दुसऱ्या दिवशी रविवार होता, ती आठपर्यंत झोपली. इतकी गाढ झोपली की जागी झाल्यावर स्वतःचीच भीती वाटली. आठवड्याने त्याचा फोन आला. इकडचं तिकडचं झाल्यावर तो चाचरत म्हणाला, "योगिनी, रागावू नकोस, पण मला इथं बरं वाटतंय." ती म्हणाली, "मलाही इथं." तेव्हा दोघं फोनवर चक्क हसले होते.

पण हे अक्कांना सांगणार कोण?

"आई! अगं कुठे आहेस? चल लवकर!"

तृप्ती मांडवातून हाका मारत होती. लेकीच्या अंगात उत्साह नुसता संचारला होता. उद्या लग्न, तर आज बघण्याचा कार्यक्रम झालाच पाहिजे, अशी टूम तिनेच काढली होती. मुलाकडचे, मुलीकडचे, कांदेपोहे, सगळं रीतसर. योगिनी नको नको म्हणेपर्यंत तिच्या डोक्यावर पदर आला आणि हातात पोह्यांचा ट्रे आला. धाकटी जाऊ आशा मुलीकडची झाली. सतरंजीवर मधोमध मुलाकडचे बसले: वत्सलाबाई पाठ ताठ करून, शेजारी हिरामण, आणि दोघांच्या मध्ये चोरासारखा रंगनाथ. भोवती पाहुणे दाटीवाटीने बसले. शेखर मोबाईल घेऊन शूटिंगला उभा राहिला, आणि तृप्ती मध्यस्थ.

"मुलीला काय काय येतं?" वत्सलाबाईंनी सुरुवात केली.

"स्कूटर शिकवता येते!" तृप्ती म्हणाली.

"आमच्याकडं ट्रॅक्टर हाय," हिरामण म्हणाला. "तो जमंल का?"

"जमेल की. फक्त मागून धरायला कुणीतरी पाहिजे," आशाने ठोकून दिलं, आणि मांडव हसला.

"चालून दाखव गं मुली. पाय बघू दे," कुठली तरी म्हातारी ओरडली.

योगिनी चार पावलं चालली. सिन्नरला माहेरच्या ओटीवर खरोखरच चालली होती ती, विशीतली, ओठ घट्ट मिटून. तेव्हाही हेच मुलाकडचे. तेव्हा बघणाऱ्यांत वत्सलाबाई तरुण होत्या आणि नाकात मोठी नथ होती.

"काय रे रंगा," वत्सलाबाईंनी भावाच्या गुडघ्यावर थाप मारली, "मुलगी पसंत हाय का?"

रंगनाथने मान वर केली नाही. "अक्का म्हणेल तसं."

मांडव नुसता कोसळायचा बाकी राहिला. कारण त्या वेळीही तो शब्दाला शब्द हेच म्हणाला होता, घरातल्या पोरासोरांनाही तो किस्सा पाठ. वत्सलाबाई तर पदर डोळ्यांना लावून हसत होत्या. "झालं तर मग! वाटा साखर!"

"थांबा, थांबा आत्या," तृप्ती हात वर करून म्हणाली. "आता जमाना बदलला. मुलीला नको का विचारायला? काय गं मुली, मुलगा पसंत आहे का?"

योगिनीच्या हातातला ट्रे एकदम जड झाला. तिने रंगनाथकडे बघितलं. एकदा तरी वर बघावं त्याने, एकदा म्हणावं की थांबा, मला काही सांगायचंय. तो सतरंजीच्या पट्ट्या बघत होता. सिन्नरला तिला हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता. वडील आतून बाहेर आले होते आणि "आमच्याकडून होकार समजा" म्हणून मोकळे झाले होते. आज कुणीतरी विचारत होतं, गमतीत का होईना. आणि तेही पोटची लेक.

"नाही," ती म्हणाली.

टाळ्या! शिट्ट्या! "वहिनी भाव खाती आता," हिरामण ओरडला.

"का बरं?" तृप्ती रंगात आली होती. "मुलात काही खोट?"

"खोट नाही. मुलगा सरळ आहे, कष्टाळू आहे. पण मला नको."

हसू थोडं पातळ झालं. योगिनीने ट्रे खाली ठेवला आणि डोक्यावरचा पदर खांद्यावर घेतला. "तृप्ती, मी गंमत करत नाहीये. उद्या मी पाटावर बसणार नाही. शेखर, बंद कर तो मोबाईल."

मागच्या बाजूला आचारी भांडी घासायला सांगत होता ते मांडवात स्पष्ट ऐकू आलं. आधी हलल्या त्या वत्सलाबाई. उठल्या, आणि पाहुण्यांना म्हणाल्या, "चहा झालाय. मागल्या बाजूला या सगळे. आशा, ने गं यांना." आणि घरच्यांना म्हणाल्या, "तुम्ही आत चला."

मधल्या खोलीचं दार लागलं तसा त्यांचा आवाज चढला. "उद्या दोनशे माणूस दारात येणार हाय आणि तुला आज सुचलं? चार माणसांत माझ्या भावाची शोभा केलीस?"

"आज नाही सुचलं, वन्सं. वर्ष झालं ठरून. आम्ही घटस्फोट घेतोय. परवा अर्ज द्यायचाय."

"घटस्फोट?" शेखर म्हणाला. "या वयात?"

"आई, तू बाबांना सोडतेयस?" तृप्ती आईसमोर आली. "त्यांनी काय केलंय तुझं? काल मला म्हणाले, तृप्ती, हार गुलाबाचे सांग…"

"हार तू विचारलेस म्हणून सांगितले त्यांनी."

"तू बोलू नकोस! बाबा, तुम्ही बसा इकडे." लेक बापाच्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिली, तिच्यामागे शेखर. हिरामण दाराशी होता, तोही दोन पावलं भावाकडे सरकला. योगिनी खिडकीपाशी एकटी राहिली. हे असंच होणार हे तिला माहीत होतं. आता याने तोंड उघडलं नाही तर ती एकटीच वाईट ठरणार, आणि मुलं आयुष्यभर तिच्याकडे अशीच बघणार.

"रंगा," वत्सलाबाई म्हणाल्या, "तुला ठाऊक होतं?"

रंगनाथने चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाला पुसला, परत घातला.

"मी दिवाळीतच सांगणार होतो, अक्का."

"म्हंजे ठाऊक होतं! आणि मूग गिळून बसलास? मी मांडव घालतेय, आचारी सांगतेय, आणि तू मांडवात बसून म्हणतोस, अक्का म्हणेल तसं? अरे, तुझ्या जिभेला काय झालं होतं?"

"भीती वाटली तुझी."

एवढा मोठा साठीचा माणूस, पण अगदी सरळ म्हणाला. तृप्तीने बापाच्या खांद्यावरचा हात काढला. "बाबा, तुम्हालाही हवंय हे?"

"हो गं. आईचं एकटीचं नाही ते. दोघांचं आहे."

"बरं," वत्सलाबाईंनी पदर खोचला आणि पाट ओढून बसल्या. जन्मात किती संसार त्यांनी असे पाटावर बसून सांधले होते. "भांडण काय हाय ते सांगा. मी मिटवते."

"भांडणच नाही, अक्का," रंगनाथ म्हणाला. "भांडण असतं तर तू केव्हाच मिटवलं असतंस. मी घरात गेलो की ही गप्प होते. ही आली की मी टीव्ही लावतो. इथं मळ्यात आल्यापासून मी सकाळी बागेत फिरताना गाणी म्हणतो. हिराला विचार."

"म्हणतो खरं," हिरामण म्हणाला. "लय बेसूर म्हणतो. पण म्हणतो."

शेखरला हसू आलं ते त्याने गिळलं. "अहो पण वेगळे राहताच आहात ना? राहा की. कागद कशाला?"

"खरंय," हिरामण म्हणाला. "कागद नको वहिनी. गावात तोंड दाखवायची पंचाईत."

योगिनी खिडकीपासून पुढे आली. "भाऊजी, गेल्या महिन्यात यांना ताप आला तेव्हा तुम्ही मला फोन केलात. काय म्हणालात? वहिनी, कधी येताय? कसे आहेत ते सांगितलंच नाहीत. मी वर्ग सोडून पळत आले. काळजीने नाही हो. काळजी वाटली असती तर मी आपणहून आले असते, आणि उद्या वाटली तर येईनही. पण मी आले हजेरी लावायला. ती हजेरी मला बंद करायचीय. नुसतं लांब राहून ती बंद होत नाही, मी करून बघितलं."

वत्सलाबाई तिच्याकडे बघत होत्या. "आईसाठी थांबली होतीस का इतकी वर्षं?"

"नाही वन्सं. त्या होत्या तोवर विचार करायला फुरसतच नव्हती."

दार ढकलून आशा आत आली, हातात चहाचा ट्रे. बाहेरून तिने सगळं ऐकलं होतं हे तिच्या तोंडावरच दिसत होतं. "ताई," ती म्हणाली, "म्हंजे तुम्ही इथं कायमच्या राहायला नाय येणार?"

"नाही गं."

"आगं बाई, सुटले!" आशा म्हणून गेली, आणि मग जीभ चावली. हिरामण तिच्याकडे बघतच राहिला. "तसं नव्हं," ती घाईने म्हणाली, "तुमच्यावर माझा लय जीव हाय. पण भाऊजी इथं राहिले म्हंजे मागोमाग तुम्हीबी येणार, आणि एका चुलीवर दोन जावा… मी चार महिन्यांपासून झोपले नाय नीट."

आधी योगिनी हसली. मग तृप्ती, रडता रडता. मग कोण कोण हसलं त्याचा हिशेब राहिला नाही. रंगनाथ तर भिंतीला टेकून डोळे मिटून हसत होता, मोठं ओझं उतरवल्यावर हमाल टेकतो तसा. योगिनीला वाटलं, लग्नानंतर याला इतकं हसताना आपण पाहिलंच नाही. तिचंही अंग हलकं हलकं झालं होतं, ती लेकीशेजारी जाऊन बसली. तृप्ती थोडा वेळ फुगून राहिली, मग तिने आईच्या खांद्यावर डोकं टाकलं. "मला आधी का नाही सांगितलंस?"

"तू आत्यांना सांगितलं असतंस."

"सांगितलंच असतं," तृप्ती नाक ओढत म्हणाली.

वत्सलाबाई हसल्या नव्हत्या. पाटावर बसून बराच वेळ त्या हातातल्या पाटल्या फिरवत राहिल्या. त्यांचं अर्धं आयुष्य मोडकं सांधण्यात गेलं होतं, आणि इथे काही मोडलेलंच नव्हतं, नुसतं संपलं होतं. शेवटी त्यांनी कमरेची पिशवी उघडून मोबाईल काढला.

"गुरुजी, नमस्कार. उद्या यजमानीणबाई नाही बसायच्या. … नाही हो, आजारी नाही, चांगली धडधाकट हाय. बसणार नाय एवढंच. … हां. हां. सुपारी. चालंल." त्यांनी फोन ठेवला. "कमरेला सुपारी लावून बसायचं म्हणे. बायकोच्या जागी सुपारी. शास्त्रात सोय हाय."

"शास्त्रवाल्यांनाबी असले प्रसंग आलेच असतील," हिरामण म्हणाला.

"तू गप. आणि लग्नबिग्न काही नाय आता, अंतरपाट घडी करून ठेवा." त्या उठल्या, दाराशी गेल्या, परत वळल्या. "बँडवाल्याला मात्र येऊ द्या. साठी हाय, सुतक नाय. आणि योगिनी, तू उद्या जेवल्याशिवाय जायचं नाय. पहिल्या पंगतीला बसायचंस. वाढायला उठलीस तर माझ्याशी गाठ हाय."

रविवारी रंगनाथ एकटाच पाटावर बसला, उपरण्याखाली कमरेला सुपारी खोचून. कुजबुज व्हायची तेवढी झाली. दोन-तीन बायकांनी योगिनीला कोपऱ्यात गाठून खोदून खोदून विचारलं, एकीने तर स्कूटरचा वर्ग किती वाजता असतो तेही विचारून घेतलं. होम झाला, आहुती पडल्या, बँड वाजला. आणि योगिनी या घराच्या कार्यात कधी नव्हे ती पहिल्या पंगतीला बसली, समोर गरम वरण-भात, मांडीवर कुणाचं पोर नाही, हातात पळी नाही.

रिवाजाप्रमाणे यजमान स्वतः जिलबी वाढायला निघाला. एकेका पानाशी थांबत, आग्रह करत, रंगनाथ तिच्या पानापाशी आला. मागे पाच पावलांवर वत्सलाबाई कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या.

"वाढू?" त्याने विचारलं.

"एक."

त्याने एक जिलबी वाढली.

"अरे, एक काय वाढतोस?" वत्सलाबाई मागून कडाडल्या. "दोन घाल! आग्रह कर जरा!"

रंगनाथने मान वळवून थोरल्या बहिणीच्या डोळ्याला डोळा दिला.

"नाही अक्का," तो म्हणाला. "तिनं एकच सांगितलीय."

आणि तो पुढच्या पानाकडे गेला.